हात करीपर्यंत

काम तसं किरकोळच होतं. पडेगावच्या पुढं, दौलताबादच्या रस्त्याला लागून एक माळ आहे. तिथं कुणाला तरी घरांची वसाहत बांधायची होती, आणि त्याआधी जमीन कुठं उंच, कुठं सखल, तेवढं मोजून द्यायचं होतं. सकाळी जायचं, दुपारच्या जेवणाला घरी यायचं. शंतनू निघताना बायकोला म्हणालासुद्धा, "उमा, ठेचा कर गं आज. येतोच."

शंतनू माणूस वाईट नव्हता. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं ऐकून तुम्ही त्याला शिव्या घालणार. औरंगपुऱ्यात साड्यांच्या एका दुकानावर जिना चढून गेलं की नकाशे करणाऱ्यांची छोटी कचेरी लागते, तिथं तो मोठा साहेब होता. हुशार, वक्तशीर, लेकीवर जीव टाकणारा. दोष म्हणाल तर एकच. ज्याला थांबायला सांगायचा, त्याला विसरून जायचा. रिक्षावाल्याला, भाजीवालीला, कुणालाही. "थांबा, आलोच" म्हणायचा आणि तिसऱ्याच वाटेनं घरी जायचा. लोक हसायचे.

तर त्या दिवशी माळावर त्यानं तिपाई रोवली, वर दुर्बीण बसवली. त्याच्या हाताखालचा केयूर स्टाफ घेऊन लांब जाऊन उभा राहिला. स्टाफ म्हणजे माणसाहून उंच अशी आकड्यांची पट्टी. ती एकानं उभी धरायची, दुसऱ्यानं दुर्बिणीतून आकडा वाचायचा, की त्या जागेची उंची कळते. चैत्र सरत आला होता. माळावर गवताची काडी हिरवी नव्हती, वरून ऊन नुसतं ओतल्यासारखं पडत होतं.

शंतनूनं दुर्बिणीला डोळा लावला.

पट्टीचं खालचं टोक पाण्यात होतं. स्वच्छ, हिरवट पाणी. एक लहानशी लाट आली, पट्टीवर आपटली, फेस ठेवून मागं सरली. आणि पट्टी धरली होती ती दोन्ही तळव्यांच्या मधोमध, नमस्कार केल्यासारखी.

शंतनूनं डोळा काढला. लांब केयूर उभा होता. एका हातात पट्टी, दुसऱ्या हातात मोबाईल.

"केयूर! पाण्यात कशाला उभा राहिलास रे?"

"पाणी?" केयूर तिकडून ओरडला. "सर, इथं प्यायची मारामार आहे, पाणी कुठलं?"

शंतनूनं पुन्हा डोळा लावला नाही. डोकं दुखतंय म्हणाला, सामान जीपमध्ये टाकायला लावलं आणि घरी आला. ठेचा तसाच ताटात राहिला. उमानं कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता. पण ओठांवरून जीभ फिरवली की त्याला मीठ लागत होतं.

पट्टी तशी धरणारा माणूस त्याच्या ओळखीत एकच होता, आणि तो पौषातच गेला होता.

त्याचं नाव संघपाल. सोयगावकडचा पोरगा, विधवा आईचा एकुलता एक. कचेरीला दूर पूर्वेच्या समुद्रातल्या एका बेटांच्या पुंजक्याचा नकाशा करायचं काम मिळालं, तेव्हा शंतनूनं त्याला पट्टी धरायला सोबत नेलं होतं. ती बेटं म्हणजे नुसतं रान. झाडं पार पाण्यापर्यंत उतरलेली, फांद्या लाटांत बुडलेल्या. वस्ती नाही, वाट नाही, जमीन दिसेल तर शपथ. बेटांना नावंसुद्धा नव्हती, नुसते नंबर. झाडांच्या आतून जमीन शोधायची ती ड्रोनवरच्या लेझरनं, आणि ते काम नंतर दुसरी तुकडी येऊन करणार होती. पण त्याआधी शून्य ठरवावं लागतं. उंची मोजायची तर ती कुठून मोजायची? समुद्रापासून. म्हणून ओहोटीला उघडा पडणाऱ्या एका खडकावर पट्टी धरून माणूस उभा करायचा, आणि किनाऱ्यावरून त्याची पातळी घ्यायची.

आता गंमत बघा. मोजणारा संभाजीनगरचा, पट्टी धरणारा सोयगावचा. दोघांनीही समुद्र असा जन्मात पाहिला नव्हता. भरती-ओहोटीचं वेळापत्रक शंतनूच्या खिशात होतं, पण खिशातलं पाणी वेगळं आणि पायाखालचं वेगळं.

पहिल्या दिवशी संघपालनं ओंजळभर पाणी तोंडात घेतलं आणि थू थू करत हसत सुटला. "साहेब, ह्ये तर लई खारं हाय! येवढं पानी, आन् घोटभर पिता येईना? गावात सांगितलं तर कुनी इश्वास ठेवनार नाय."

दुसऱ्या दिवशी कुणीतरी चहाला हाक मारली म्हणून तो पट्टी सोडून आला. सकाळपासूनचं काम वाया गेलं. शंतनूनं सगळ्यांच्या देखत त्याला फाडून खाल्लं. "अक्कल गहाण ठेवलीस का? मी दुर्बिणीमागून दोन्ही हात वर केल्याशिवाय जागचं हलायचं नाही. कुणी बोलवू दे, आभाळ कोसळू दे. मी हात करीपर्यंत थांबायचं. कळलं?"

संघपालचं तोंड एवढंसं झालं. "व्हय साहेब," म्हणाला. "तुमी हात करीपर्यंत."

नऊ नंबरच्या बेटावर ते दोघंच उतरले होते. बाकीची माणसं बोट घेऊन पुढच्या बेटाला गेली. संघपाल ओल्या वाळूचा पट्टा ओलांडून खडकावर जाऊन उभा राहिला. शंतनूनं आकडा वाचला, टिपून घेतला. काम झालं होतं. नुसते हात वर करायचे बाकी होते. तेवढ्यात खिशातला फोन थरथरला. कितीतरी दिवसांनी रेंज आली होती, आणि त्या दिवशी सावनीचा, त्याच्या लेकीचा, वाढदिवस होता. रेंज जाऊ नये म्हणून तो फोन धरून झाडीतून वर चढत गेला. लेकीनं केक दाखवला, फुगे दाखवले, नवं गाणं म्हणून दाखवलं. बाप हरखून ऐकत बसला.

परत आल्यावर काय झालं, ते त्यानं सगळ्यांना एकच सांगितलं. "मी हात केला होता. तो शिंपले वेचायला मागं राहिला. भरतीनं गाठलं." संघपालचं प्रेत मिळालं नाही, आणि पट्टीही मिळाली नाही. साहेबाच्या शब्दावर कोण शंका घेणार? काम पुरं करून सगळे परत आले.

माळावरच्या प्रकारानंतर शंतनू कचेरीत गेला तर हिमानी त्याची वाटच बघत होती. ड्रोननं टिपलेले ठिपके लावून पडद्यावर बेटं उभी करायचं काम तिचं. त्यातून झाडं उतरवायची, खाली उरेल ती जमीन. मुलगी मोठी चिकाटीची.

"सर, हे नऊ नंबर बघा ना. झाडं उतरवली, सगळं साफ झालं. पण हे जाईना."

समुद्रात, किनाऱ्यापासून थोडं आत, ठिपक्यांचा एक बारीक उभा पुंजका होता. माणसाएवढा. त्याच्या पुढ्यात त्याहून उंच एक सरळ रेघ.

"पक्षी असेल. उडव."

"उडवला होता सर. काल उडवला, आज परत आहे." हिमानीनं आवाज उतरवला. "आणि सर... ड्रोन उडाला तो तुम्ही तिथून निघाल्यावर ना? संघपाल गेला त्यानंतर? मग त्या खडकावर... कोण उभं आहे?"

"उडव म्हटलं ना!" शंतनू खेकसला. साड्यांच्या दुकानातली माणसं वर बघायला लागली, एवढ्या मोठ्यानं.

तिनं उडवला. दुसऱ्या दिवशी तो नऊ नंबरला होताच, आणि शेजारच्या बेटाच्या काठालाही होता. मग त्याच्या पलीकडच्या. जिथं जिथं झाडं उतरवावीत, तिथं तिथं पाण्याच्या कडेला एक माणूस पट्टी धरून उभा. टेबलाच्या खणात हिमानीनं अंगारा आणून ठेवला.

आणि मग एके दुपारी जिना चढून वच्छलाबाई आली. संघपालची आई. उन्हातून आलेली, पदर डोक्यावर, हातात रिकामी पिशवी. खुर्ची दिली तर बसली नाही. पाण्याचा पेला पुढं केला तर घेतला नाही.

"येकच इचारायला आले साहेब," ती म्हणाली. "तुमी हात केल्ता का?"

कचेरीतल्या सगळ्यांनी माना वर केल्या.

"केला होता, मावशी."

"दोन्ही?"

"हो. दोन्ही."

म्हातारी त्याच्याकडं बघत राहिली. "मंग त्यो आला असता," ती म्हणाली. "साहेब, लहान होता तवा त्याला कापसाच्या शेतात बांधावर बसवून जायची मी. दिवस मावळस्तोर जागचा हलत नसं. येकदा इंगळी चावली, तरी हलला नाय. आय म्हनली थांब, म्हून थांबला. अशा पोरानं तुमी बोलावल्यावर यायचं नाय? अजून हुबा हाय त्यो. माझ्या सपनात येतो, गळ्यापस्तोर पान्यात. म्हनतो, आये, साहेबांनी हात केला न्हाई गं अजून..."

हिमानीनं तोंडावर ओढणी दाबली.

"येवढं करा," वच्छलाबाई म्हणाली. "तुमच्या त्या दुर्बिनीमागं हुबं ऱ्हावा, तिकडं तोंड करा, आन् येकदा हात वर करा. सुटंल माझं लेकरू. मी परत तुमच्या दारात येनार नाय."

करायला काय जात होतं? सांगा ना, काय जात होतं? दोन हात वर करायचे, एका आईसाठी. पण शंतनूला कचेरीतले सगळे डोळे दिसले. आता हात केला, तर तेव्हा केला नव्हता असं कबूल केल्यासारखंच. तो घसा खाकरून म्हणाला, "मावशी, मी एकदा केलाय हात. पुन्हा पुन्हा कशाला? तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

म्हातारीनं मान हलवली. ओरडली नाही, बोटं मोडली नाहीत. दारापाशी जाऊन वळली.

"बरं. मंग आता ज्याला तुमी थांब म्हनाल, ते थांबंल. माझं थांबलंय तसंच."

ती गेल्यावर शंतनूनं तिच्यासाठी भरलेला पेला उचलून तोंडाला लावला आणि तोंडातलं सगळं टेबलावर थुंकला. फिल्टरचं पाणी होतं ते. खारट झालं होतं.

त्याच्या गल्लीत काळू नावाचा एक कुत्रा होता. त्या संध्याकाळी तो शेपूट हलवत मागं मागं आला. "थांब रे, बिस्कीट आणतो," असं म्हणून शंतनू वर गेला आणि नेहमीप्रमाणे विसरला. रात्री गॅलरीत आला तर काळू तिथंच बसलेला, मान वर करून. सकाळीही तसाच. सावनी दूधपोळी घेऊन गेली तरी त्यानं तोंड लावलं नाही. दुपारी तो मेला, पण बसल्या बसल्या. महापालिकेचा माणूस उचलायला आला तेव्हा म्हणाला, "साहब, ये तो पूरा भीगेला है. कोई नाले में गिरा था क्या?" कोरड्या ठणठणीत गल्लीत काळूच्या तोंडातून पाणी गळत होतं, आणि केसांवर मिठाची पांढरी पुटं धरली होती.

त्या दिवसापासून शंतनूनं कुणाला थांबवायचं सोडून दिलं. आपल्या गावात एक दिवस तसं जगून दाखवा बरं! रिक्षा थांबवता येईना, लिफ्ट थांबवता येईना, दारातल्या कुरिअरवाल्याला दोन मिनिटं म्हणता येईना. सावनी जेवताना उठली की त्याचे ओठ हलायचे आणि तो हातानं तोंड दाबायचा. रुक म्हणा, ठहरो म्हणा, बस म्हणा, भीती तीच. उमा चिडायची. "काय झालंय तुला? बोलत का नाहीस?" तो म्हणायचा, काही नाही. त्याला कळत होतं, उपाय दोन हातांवर आहे. पण उमाला तरी काय सांगणार? हात कशासाठी करायचा, ते सांगावं लागलं असतं.

पडेगावचं काम मात्र मानगुटीवर होतं. शेवटी वैशाखात एके सकाळी तो निघाला. सावनीला सुट्टी लागलेली, उमाला कॉलेजात पेपर तपासायचे, म्हणून सावनीही जीपमध्ये बसली. माळावर पोचल्यावर केयूरनं तिपाई लावून दिली, दुर्बीण बसवली, आणि पाण्याचा जार विसरला म्हणून जीप घेऊन पडेगावात गेला. शंतनू कडुनिंबाच्या सावलीला बसला. दुर्बिणीकडं त्याची पाठ होती. सावनी खडे वेचत होती.

रस्त्याच्या पलीकडं शेळीचं पिल्लू उड्या मारत होतं. सावनीनं ते पाहिलं.

"बाबा, पिल्लू!" म्हणाली आणि सुटली.

दौलताबादकडून प्रवाशांची मोठी बस येत होती. भरधाव. पोरीचं तिकडं लक्षच नव्हतं. शंतनूला कळलं की आता एकच शब्द आहे. आणि तो शब्द काय आहे हेही कळलं. पण बापाचं तोंड ते. उघडलंच.

"सावनी! थांब!"

पोर डांबराच्या कडेला थांबली. बस तिच्या नाकासमोरून हॉर्न वाजवत निघून गेली. धुळीचा लोट उठला, खाली बसला. सावनी उभीच होती.

"सावनी... बाळा, ये इकडं."

ती आली नाही. तो धावत गेला, तिला उचललं, माळावर आणलं, खाली ठेवलं. ठेवलं तशी ती उभी राहिली. हात अंगाला चिकटलेले, नजर लांब. डोळ्यांत पाणी होतं, म्हणजे आत ती होती. भ्यालेली होती. तिचे सँडल ओले झाले होते. शंतनूनं खाली पाहिलं, जमीन भेगाळलेली कोरडी. आणि त्याच्या डोळ्यांदेखत फ्रॉकची कड ओली झाली. ओल वर चढत होती, सावकाश, थांबत थांबत... जशी भरती चढते. गुडघे. मांड्या. कंबर. मासळीचा आणि कुजक्या पाल्याचा वास सुटला, त्या बेटावर यायचा तोच.

त्यानं तिच्यासमोर उभं राहून दोन्ही हात वर केले. काही झालं नाही. "सावनी, ये गं! बघ, हात केला मी!" ओल पोटावर आली. पोर खोकली, हनुवटीवरून पाणी ओघळलं.

तेव्हा त्याला त्याचंच वाक्य आठवलं. दुर्बिणीमागून.

तो पळाला. दगडांत ठेचकाळत, पडत, तिपाईपाशी पोचला आणि वळला. लांब माळावर त्याची लेक एवढीशी दिसत होती. हात वर करण्याआधी त्याचा डोळा आपोआप दुर्बिणीला लागला. सवय, दुसरं काय.

सावनीच्या शेजारी तो उभा होता. पाण्यात. पट्टी दोन तळव्यांत धरलेली, अगदी ओळंब्यात. गालांना शिंपले डकलेले. तो शंतनूकडंच बघत होता. त्या दिवशी बघत होता तसाच.

कारण त्या दिवशी शंतनू झाडीतून परत आला तेव्हा पाणी संघपालच्या छातीला होतं. मधला वाळूचा पट्टा केव्हाच बुडाला होता. दोघांनाही पोहता येत नव्हतं. संघपालनं त्याला पाहिलं आणि त्याचा चेहरा उजळला. साहेब आले. आता हात करतील. आणि शंतनूनं काय केलं? हात केला नाही. हाक मारली नाही. बोटीला फोन केला नाही. एक पाऊल मागं सरून तो झाडाच्या बुंध्यामागं लपला. दिसायला नको म्हणून. आणि पट्टीचं टोक पाण्याखाली जाईपर्यंत तिथंच बसून राहिला.

आताही बाजूला कडुनिंबाचा बुंधा होता. एक क्षण, खोटं कशाला बोलू, एक क्षण त्याचं पाऊल मागं सरलं. हात केला तर दोघंही येणार होते. सावनी एकटी नाही येणार.

पाणी पोरीच्या गळ्याला लागलं.

"ये!" शंतनू किंचाळला. दोन्ही हात त्यानं आभाळाला लावले. "या रे! झालं काम! दोघंही या! चुकलं माझं, संघपाल, ये!"

सावनी हलली. मग धावायला लागली. गळ्यापर्यंत भिजलेली, केस गळणारे, रडत, धापा टाकत ती येऊन त्याच्या कमरेला बिलगली. शंतनू गुडघ्यावर बसला, तिचे मुके घेतले, तोंड पुसलं, छातीशी धरून ढसाढसा रडला. माळावर दुसरं कुणी नव्हतं. नुसतं ऊन. तिची ओली पावलं मातीत वाळत होती, आणि त्यांच्या शेजारून जाणारी मोठी पावलंही वाळत होती. ती त्याच्यापाशी थांबली नव्हती. तशीच पुढं निघून गेली होती.

"किती वेळ लावलास, बाबा," सावनी हुंदके देत म्हणाली.

"चुकलो गं, राणी. चुकलो. चल, घरी जाऊ." तो उठून उभा राहिला.

"ते काकापण सुटले. आईकडं चाललेत." तिनं नाक पुसलं. "तुला निरोप दिलाय त्यांनी."

"काय...?"

पोर भाबडी. ऐकलं तसं तिनं सांगून टाकलं.

"म्हणाले, साहेबांना सांग, आता तुम्ही थांबा. मी हात करीपर्यंत हलू नका."

केयूर जार घेऊन आला तेव्हा सावनी बापाचा हात धरून ओढत होती आणि शंतनू तिपाईपाशी उभा होता. बूट ओले होते.

आता तो घरी असतो. हॉलमध्ये, खिडकीकडं तोंड करून. चौघांनी उचलून आणला, ठेवला तिथं उभा आहे. डॉक्टर येऊन गेले, मोठे मोठे शब्द सांगून गेले. त्याला सगळं दिसतं, सगळं ऐकू येतं. फक्त हलता येत नाही. आणि दिवसातून दोनदा पाणी चढतं. आधी घोट्यापर्यंतच यायचं. मग गुडघ्यापर्यंत. चंद्र मोठा होत चाललाय तसं वर वर यायला लागलंय. काल छातीला लागलं. उतरलं की उमा पंच्यांनी फरशी पुसते, पिळते, पुन्हा पुसते. तोंडातून शब्द काढत नाही.

तिला सावनीनं निरोपाचं सांगितलं, म्हातारीचं हिमानीनं सांगितलं. काल ती सोयगावला जाऊन आली. आज सकाळी शंतनूसमोर खुर्ची ओढून बसली आणि पहिल्यांदाच बोलली.

"गेले होते रे. पाया पडले तिच्या. म्हटलं, मुलाला सांगा, एकदा हात कर म्हणावं. माझ्या लेकीकडं बघून तरी." तिनं पदरानं डोळे टिपले. "चांगली वागली. चहा केला मला. आत खाटेवर कुणीतरी झोपलं होतं, डोक्यावरून गोधडी घेऊन. खाटेखाली सगळी जमीन ओली होती, शंतनू. आणि भिंतीला ती आकड्यांची पट्टी टेकवून ठेवली होती..."

खिडकीतून मासळीचा वास आला. शंतनूच्या पायजम्याची कड ओली व्हायला लागली. उमानं ते पाहिलं आणि पंचा हातात घेतला.

"काय म्हणाली माहितीय? 'हळू बोल बाई, लई दमून आलंय माझं पोरगं. किती दिसांनी पाठ टेकली त्यानं. झोपू दे. उठला की सांगते त्याला.'"

ती गुडघ्यावर बसून फरशी पुसायला लागली.

"कधी उठेल, विचारलं मी. म्हणाली, आता पुनव झाल्यावरच."